न संपणारी डबी

दात बनवायच्या कारखान्यात तिला सगळे शेडबाई म्हणत. कारखाना म्हणायचा तो आपला शब्द, होत्या तीनच खोल्या. पहिलीत प्लास्टर, दुसरीत भट्टी आणि तिसरीत दात घासून गुळगुळीत करायची चाकं. शहरातले डॉक्टर रोग्याच्या तोंडाचं माप घेऊन इथे पाठवायचे आणि इथून कवळ्या नि कॅपा तयार होऊन परत जायच्या. शेडबाई दुसऱ्या खोलीत खिडकीपाशी बसायची, ब्रशच्या टोकाने पोर्सेलिनचे थर चढवायची आणि रंग जुळवायची. एकतीस वर्षं.

दाताचा रंग जुळवणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. त्याला वाटतं, दात पांढरे, संपलं. शेडबाईच्या पट्टीवर सोळा शेड, म्हणजे छटा, होत्या आणि त्या सोळांत आपला दात बसत नाही असं सांगणारं तोंड दर आठवड्याला एक तरी येई. डॉक्टरने चिठ्ठीवर छटा लिहून पाठवली तरी ती तिच्यावर विसंबत नसे. यांनी दिव्याखाली बघितलं असणार, म्हणायची. नाहीतर रोगी तोंड उघडं टाकून अर्धा तास बसला असणार, दात सुकला असणार, आणि सुकलेला दात खोटं बोलतो. मग ती रोग्यालाच बोलावून घ्यायची, सकाळी दहाच्या उजेडात, ओठ पुसून. दहातल्या सातदा तिचं खरं निघे. माणसाचं दहातल्या सातदा खरं निघालं की उरलेल्या तीनदांची त्याला भीती वाटेनाशी होते, आणि शेडबाईचं नेमकं तेच झालं होतं.

कारखान्यातला हा संशय ती रोज संध्याकाळी पिशवीत घालून घरी न्यायची. गॅसची कळ तीनदा बघायची. औषधाच्या पाकिटावरची तारीख दुकानदाराला मोठ्याने वाचायला लावायची. शेजारीण तिच्या साडीला छान म्हणाली, तर हिला आता काय हवंय, असं तिच्या मनात येई. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला होता, माणूस गमत्या. तो म्हणायचा, "आमच्या घरी ताक फुंकून पितात. गंमत म्हणजे दुधाने तोंड अजून कुणाचंच पोळलेलं नाही."

एकुलती एक मुलगी होती, पंचवीस वर्षांची. ती चष्म्याच्या दुकानात नुकतीच कामाला लागली होती. चष्म्याच्या दुकानात जिकडे बघावं तिकडे आरसे. गिऱ्हाईक नाकावर फ्रेम चढवून आरशात बघतं तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या मुलीचा चेहराही त्यात दिसतो, आणि त्या मुलीलाही तो दिवसभर दिसतो. पहिल्याच महिन्यात लेकीला शोध लागला की आपले दात पिवळे आहेत. आईला तो शोध पंचवीस वर्षांपूर्वीच लागला होता. तिच्या मते त्यात वाईट काही नव्हतं. दाताच्या आतला भागच पिवळसर असतो, वरचं कवच जरा पारदर्शक असलं की तो रंग दिसतो, आणि लेकीचे दात चांगले, घट्ट, निरोगी पिवळे होते. पण हे आरशाला कोण सांगणार?

एका संध्याकाळी जेवताना बाप काहीतरी बोलला आणि लेक खळखळून हसली. आईचा घास हातातच राहिला. लेकीचे दात दोन छटा वर सरकले होते. बापाला लेकीने केस कापले असते तरी कळलं नसतं, पण शेडबाईपुढे दात लपत नाहीत.

तिच्या मनात पाल चुकचुकली. पहिला संशय आला तो अर्थातच मुलगा. कुणासाठी चाललंय हे? दोन दिवस तिने लेकीच्या फोनवरच्या हसण्याकडे कान लावला, त्यातून काही हाती लागलं नाही. तिसऱ्या दिवशी मोरीतल्या आरशामागे एक गोल पांढरी डबी सापडली. झाकणावर हसणारे ओठ. 'दात पांढरेशुभ्र, अगदी नैसर्गिक.' नैसर्गिक हा शब्द वाचला आणि तिची खात्रीच झाली की यात काहीतरी काळंबेरं आहे. ज्याला आपण खरे आहोत असं सांगावं लागतं तो खरा नसतो, हे खोटे दात बनवणाऱ्या बाईला कोण शिकवणार.

"ही कुठून आणलीस?" तिने विचारलं.

"पार्लरमधून. माझ्या मैत्रिणीच्या."

मैत्रीण म्हणजे शाळेपासूनची. कोपऱ्यावर तिचं छोटंसं पार्लर होतं, दोन खुर्च्यांचं. पोरगी स्वभावाने गरीब, शेडबाईला काकू काकू करायची. तिच्या त्या काकू म्हणण्याचाही शेडबाईला मधूनमधून संशय यायचा.

"यात काय आहे ते विचारलंस तिला?"

"मागे लिहिलंय, आई."

"मागचं मी वाचलं. मुंगीच्या पायाएवढी अक्षरं आहेत. ज्यांना सांगायचं असतं ते मोठ्याने सांगतात."

"ती स्वतः वापरते. वर्षभर."

"तिचे दात तिच्यापाशी. तुला गार पाणी झोंबतं का?"

लेकीने डबी आईच्या हातून घेतली. मग म्हणाली, "पहिले तीनचार दिवस झोंबलं थोडं. आता नाही. ती म्हणाली होती तसं होईल म्हणून."

झालं. यापुढचं काही शेडबाईच्या कानात शिरलंच नाही. झोंबलं म्हणजे कवच गेलं, तिच्या लेखी विषय संपला. ती उगाच घाबरत नव्हती, हे तिच्या बाजूने सांगायलाच हवं. काही वर्षांपूर्वी एका तरुणाच्या तोंडाचं माप कारखान्यात आलं होतं. तिने प्लास्टर ओतलं, दात सुटे झाले आणि ती बघतच राहिली. बत्तीसच्या बत्तीस दात जागेवर, आणि पुढचे सहा झिजून कागदासारखे पातळ. बाजारातली कसलीतरी पावडर चारपाच वर्षं लावत होता म्हणे. ते सहा दात झाकायला तिनेच सहा कॅपा केल्या होत्या. नख कापलं तर वाढतं, केस गेले तर येतात, कातडी फाटली तरी भरून निघते. दाताचं कवच आयुष्यात एकदाच मिळतं, ते झिजलं की कुठलाही देव किंवा डॉक्टर ते परत देत नाही. आपल्या लेकीचं तसं व्हायचं नाही, एवढंच तिला हवं होतं. बाकी लेक कोणासाठी हसते, किती हसते, तिचं तिने बघावं.

तिने लेकीला सांगून पाहिलं. चढून बोलली, मग गोडीत बोलली, मग त्या तरुणाची गोष्ट सांगितली. लेक म्हणाली, "आई, तुला दोरीचाही साप दिसतो. अशाने मी एक दिवस पाणीही प्यायचं सोडून देईन." आणि डबी आरशामागे परत ठेवून दिली.

नवऱ्याकडे दाद मागावी तर तो म्हणाला, "अगं, पोरगी पंचवीसची आहे. तिचे दात आता तिच्या ताब्यात दिले असं समज."

शेडबाई काही ते ताब्यात देणार नव्हती. तिने मनाशी ठरवलं. लेक डबी सोडत नाही ना, मग डबी राहू दे. आतलं बदलू.

आता बदलून घालायचं काय? पिठी साखर नको, मीठ नको, चवीला कळेल. कारखान्यातल्या तिसऱ्या खोलीत पॉलिशची पावडर असायची, एका भुसभुशीत दगडाची बारीक पूड, पिठासारखी. चाकावर ती ओली करून लावायची आणि तयार दात तिच्यावर धरला की आरशासारखा उजळायचा. एकतीस वर्षं तिच्या हातून गेलेल्या हजारो दातांना हीच पावडर लागली होती आणि त्यातला एकही खरवडला गेला नव्हता. रंग जवळजवळ तोच. दोन थेंब पुदिन्याचा अर्क टाकला की वासही तोच.

तरी ती शेडबाई होती, तपासल्याशिवाय कशाला हात लावणार? दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिने परत आलेली एक जुनी पोर्सेलिनची कॅप घेतली, दात घासायचा ब्रश घेतला, पावडर घेतली आणि मोजून दोनशे वेळा घासलं. मग डोळ्याला भिंग लावून उजेडात धरलं. एक ओरखडा नाही. तिने आणखी दोनशे वेळा घासलं. तरी नाही. पोर्सेलिनसारख्या नाजूक वस्तूला, जी खाली पडली की तडकते, तिलाही हिचं काही होत नाही, मग चांगल्या जिवंत दाताला काय होणार? हा हिशेब तिला इतका सरळ वाटला की जगातल्या प्रत्येक गोष्टीवर संशय घेणाऱ्या त्या बाईने या एका गोष्टीवर घेतला नाही.

त्या दिवशी लेक दुकानात असताना तिने मैत्रिणीची पावडर मोरीत ओतली, वर बादलीभर पाणी टाकलं आणि डबी भरून ठेवली. छातीवरचा धोंडा उतरला. कितीतरी दिवसांनी ती गाणं गुणगुणत भांडी विसळत होती, आणि नवऱ्याने आत येऊन विचारलं, "काय, कुणाची चोरी पकडलीस वाटतं?"

पुढे काय व्हावं? लेक खूश. "बघ आई," ती आठवड्याने म्हणाली, "ही पावडर मुरत चाललीय बहुतेक. आधीपेक्षा जास्त चकाकतात दात." ती मन लावून घासायची, सकाळी आणि रात्री, कडक ब्रशने, कारण आरसे काही तिला सोडत नव्हते. आई तिच्याकडे बघून गालात हसायची. ज्याला लेक जादू समजते ती कारखान्यातली पॉलिश आहे, आणि तिचे दात सुखरूप आहेत. डबी अर्धी झाली की आई ती भरायची. लेकीने दुसरी डबी आणायला नको, नाहीतर परत ते विष घरात यायचं.

"आई, ही डबी संपतच नाही गं," लेक एकदा म्हणाली.

"कंपनी चांगली असेल," आई म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिने कुठल्या कंपनीला चांगलं म्हटलं होतं. बापाने वर्तमानपत्रातून डोकं वर काढून तिच्याकडे बघितलं.

असे पाच महिने गेले.

एका सकाळी मापांच्या पेटीत एक माप आलं. वरचा जबडा, खालचा जबडा. चिठ्ठी नेहमीच्या डॉक्टरीणबाईंची होती, पण तिच्यावर रोग्याचं नाव नव्हतं, नुसता नंबर होता आणि खाली लिहिलं होतं, मऊ ट्रे, दोन्ही. ट्रे म्हणजे पातळ पारदर्शक प्लास्टिकचा साचा, दातांवर बसवायचा. त्यात औषध भरून लावतात. बहुतेकदा दात पांढरे करायचंच औषध असतं. प्लास्टर ओतणारी बाई त्या दिवशी रजेवर होती, म्हणून शेडबाईने स्वतःच ओतलं आणि तासाभराने दात सोडवले.

वरचा जबडा हातात घेतला आणि तिने खालचाही शेजारी ठेवून बघितला. डावीकडचा दुसरा दात किंचित वळून शेजारच्यावर चढलेला. खालच्या सुळ्याचं टोक उडालेलं, झोक्यावरून पडून, वय वर्षं नऊ. त्या दिवशी तो तुकडा तिने अंगणात गुडघ्यांवर बसून शोधला होता. माणूस पायरव ओळखतो, खोकला ओळखतो. ती दात ओळखायची, आणि हे तर घरचे होते.

पहिल्यांदा तिला रागच आला. म्हणजे डबीने भागलं नाही. आता आईला न सांगता डॉक्टरीणबाईंकडे जाऊन ट्रे करून घेतेय. आणखी जहाल औषध लावणार. तिने वरचा जबडा उजेडाकडे वळवला आणि सवयीने अंगठ्याचं नख हिरडीच्या रेषेवरून फिरवलं. नख अडकलं. सुळ्यापाशी, त्याच्या मागच्या दोन दातांपाशी, दुसऱ्या बाजूलाही. हिरडीलगत बारीक खाचा पडल्या होत्या, डोळ्याला जेमतेम दिसतील अशा, पण नखाला लागणाऱ्या. तिने परत नख फिरवलं. परत अडकलं.

तिने जबडा रुमालात गुंडाळला, मालकांना पोटात दुखतंय असं सांगितलं आणि चालत डॉक्टरीणबाईंचा दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाई वीस वर्षं तिच्याकडूनच कॅपा करून घेत होत्या. रुमालातला जबडा टेबलावर बघून त्या म्हणाल्या, "मी मालकांना सांगितलं होतं, हे काम दुसऱ्या कोणाला द्या म्हणून. तुमच्या मुलीनेच विनवलं होतं, आईला कळू देऊ नका, ती जीव खाईल माझा."

"तिला कसलं औषध देताय तुम्ही?" शेडबाईने विचारलं. "दात आधीच खाल्ले गेलेत त्या पार्लरच्या पावडरीने, आणि वर तुम्ही आणखी पांढरे करणार?"

"बसा आधी. पांढरे कोण करतंय? तिला वारं लागलं तरी कळ येतेय. ट्रेमध्ये ती कळ कमी करायचं औषध भरायचंय. पांढरं करणं मी बंद करायला लावलंय."

शेडबाई बसली. डॉक्टरीणबाई बोलत होत्या. हिरडीपाशी कवच पातळ असतं, तिथूनच आधी गेलंय. खरखरीत काहीतरी लागलंय, आणि तेही जोर लावून. "या पांढरं करणाऱ्या वस्तूंचं मी काही कौतुक करत नाही," त्या म्हणाल्या. "काही आंबट असतात, काही खरखरीत, काहींत काय असतं ते करणाऱ्यालाच ठाऊक. त्यामुळे मीही आधी डबीवरच संशय घेतला. तुमच्या मुलीने तर त्या पार्लरवाल्या पोरीला रस्त्यात उभं करून वाट्टेल ते सुनावलं. आजूबाजूच्या बायकांनी ऐकलं. आता तिच्याकडे कुणी फिरकत नाही म्हणे. कालच ती रडत इथे आली, एक बंद डबी घेऊन. म्हणाली, माझेही दात तपासा. तपासले. वर्षभर वापरतेय, एक खाच नाही."

त्यांनी खणातून दोन डब्या काढल्या. एकीचं सील नुकतंच फोडलेलं दिसत होतं. दुसरी शेडबाईच्या मोरीतली, लेकीने आणून दिलेली.

"आणि एक गोष्ट ती म्हणाली ती माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणाली, ही डबी दीड महिन्यात संपते. हिने एकच नेली. मग पाच महिने काय लावत होती?"

त्यांनी काचेच्या पट्टीवर दोन्ही डब्यांतली एकेक चिमूट ठेवली, जरा लांब लांब, पाण्याचा थेंब टाकला आणि दुसऱ्या काचेने पहिली चिमूट घासली. आवाज आला नाही. मग मोरीतल्या डबीतली घासली.

तो आवाज शेडबाई एकतीस वर्षं भिंतीपलीकडून ऐकत होती. ओल्या पॉलिशवर चाक टेकलं की येतो तो. डॉक्टरीणबाई म्हणत होत्या की दोन्ही नमुने तपासायला पाठवते, कंपनीला पत्र लिहिते, आणि शेडबाईला दातखीळ बसली होती. खाई त्याला खवखवे म्हणतात. पण मनातला एक कोपरा शांतपणे तिला सांगत होता की गप्प बस. कुणाला कळणार आहे? तपासणीत दगडाची पूड निघेल, कंपनी नाही म्हणेल, पार्लरवालीने भेसळ केली असं सगळे धरून चालतील. पोरगी तशी गरीब आहे.

"पाठवू नका," ती म्हणाली.

"का?"

"ती पावडर आमच्या कारखान्यातली आहे. मीच भरली डबीत. संपत आली की परत भरायची."

डॉक्टरीणबाईंनी हातातली काच खाली ठेवली. मग विचारलं, "तपासली नव्हतीत? तुम्ही मी लिहून दिलेली छटासुद्धा परत तपासता."

"तपासली. कॅपवर. चारशे वेळा घासून. एक ओरखडा नव्हता."

"पोर्सेलिनच्या कॅपवर?"

"हो."

"अहो बाई, ते दातापेक्षा कडक असतं. पडलं तर तडकतं, पण घासून झिजत नाही. ज्याने पोर्सेलिनला काही होत नाही त्याने दात झिजतो." त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट उतरलाच होता. "तुम्हाला कधी कुणी सांगितलं नाही?"

कुणी कशाला सांगेल? एकतीस वर्षांत तिने हजारो दात घडवले होते, पण माणसाच्या तोंडातल्या खऱ्या दाताशी तिचा संबंध फक्त रंगापुरता, दोन हात लांबून. ते सगळं सांगून उपयोग नव्हता. तिने एवढंच विचारलं, "परत येईल का?"

"गेलेलं येत नाही. आता थांबलं की पुढे जाणार नाही. खाचा मी भरीन, कळ औषधाने जाईल हळूहळू. गार पाण्याला मात्र ती जपूनच राहील, कदाचित कायमची." मग त्या म्हणाल्या, "मुलीला तुम्ही सांगणार की मी? मी उद्या सकाळपर्यंत थांबते."

"मीच सांगते," शेडबाई म्हणाली.

कारखान्यात परत येऊन तिने ट्रे केले. प्लास्टिकचा तक्ता गरम केला, जबड्यावर ओढून बसवला, कडा कापल्या, हिरडीला टोचू नयेत म्हणून बोटाने फिरवून फिरवून बघितल्या. इतका चांगला ट्रे तिने कधी केला नव्हता आणि करताना तिला इतकं रडूही कधी आलं नव्हतं. मालक डोकावून म्हणाले, "पोट अजून दुखतंय वाटतं," आणि निघून गेले.

लेक सातला आली. आईने ट्रेची पुडी टेबलावर ठेवली आणि उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं, मोरीत ओतलेल्या पावडरीपासून काचेवरच्या आवाजापर्यंत. मध्ये कुठे पाणी घातलं नाही, कारणं दिली नाहीत. एकदा मात्र तोंडातून निघालंच, "तुझ्या दातांसाठीच केलं गं."

लेक ऐकत होती. तिने एकदाच, डोळे न उचलता विचारलं, "पाच महिने? तू रोज माझ्याकडे बघून हसायचीस, तेव्हा?"

"हो."

"मी तिला रस्त्यात काय काय बोलले, ठाऊक आहे तुला?"

नेमकं काय ते आईला ठाऊक नव्हतं. लेकीने सांगितलंही नाही. ती चप्पल घालून निघाली, आणि दारात थांबून म्हणाली, "तूही चल." बाप म्हणाला, मीही येतो, तर लेक म्हणाली, नको.

पार्लरमध्ये दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या. मैत्रीण आरसा पुसत होती, पुसलेलाच आरसा. दोघी आत गेल्या तेव्हा समोरच्या दुकानातल्या बायका वळून बघायला लागल्या. शेडबाईने त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की डबी चांगली होती आणि त्यात दगडाची पूड मी भरली होती, हिच्या आईने, आणि या पोरीचा यात काही दोष नाही. लेक मैत्रिणीच्या गळ्यात पडली. मैत्रिणीने हातातलं फडकं खाली ठेवलं. मग शेडबाईकडे बघून म्हणाली, "काकू, मला एकदा विचारायचं तरी होतंत." या वेळी त्या काकूत शेडबाईला काही काळंबेरं दिसलं नाही, आणि तेच तिला जास्त लागलं.

पार्लरमधल्या खुर्च्या हळूहळू भरायला लागल्या. खाचा भरून झाल्या, सगळ्या एकाच बैठकीत. भरायच्या मसाल्याची छटा शेडबाईने स्वतः जाऊन जुळवून दिली, सकाळी दहाच्या उजेडात. लेक तोंड उघडून बसली होती आणि आईच्या डोळ्यांत न बघता छताकडे बघत होती. आपलेच दात नि आपलेच ओठ, दोष द्यायचा कुणाला, असं नवरा एकदा सहज म्हणायला गेला आणि मध्येच थांबला. त्यानंतर त्याने बरेच दिवस दातांवरून एकही विनोद केला नाही.

लेक घरात भांडली नाही, अबोलाही धरला नाही. दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या गोष्टी पूर्वीसारख्या सांगायची, हसायची, पण हसताना ओठ मिटून घ्यायची. आई बघते आहे हे तिला कळायचं.

महिन्याभराने एका सकाळी लेकीला दुकानात लवकर जायचं होतं. आईने पाणी कोमट केलं, गार चालत नव्हतं म्हणून, आणि पेला तिच्या हातात दिला. लेकीने तो ओठांपर्यंत नेला आणि थांबली. उजेडाकडे धरून आत बघितलं. वास घेतला.

"आई, यात काही घातलं नाहीस ना?"

ती चेष्टा करत नव्हती. तिच्या आवाजात रागही नव्हता, गॅसची कळ बंद आहे ना असं विचारावं तसं तिने विचारलं होतं. शेडबाईला तो आवाज ओळखीचा वाटला. तो तिचा स्वतःचाच होता.

"नाही," ती म्हणाली, आणि पेला हातातून घेऊन आधी आपण दोन घोट प्यायली. लेकीने ते नीट बघितलं. मग पेला घेतला आणि उरलेलं पाणी पिऊन कामाला गेली.

तेव्हापासून त्या घरात लेकीच्या पेल्यातला पहिला घोट आई घेते.